नार्वे अल्याड, नार्वे पल्याड

इतरांची आजोळं वाईला, चिपळूणला, गेला बाजार नगरला असतात. आमच्या आईचं बेटावर होतं. चहूबाजूंनी पाणी, मधोमध टेकडी, टेकडीवर चर्च, आणि होडीशिवाय कुणाची टाप नाही आत पाऊल टाकायची. हे वर्णन मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आलोय. माझं स्वतःचं आजोळ नारायण पेठेत, घरापासून चालत सात मिनिटांवर. त्यामुळे पाचवीत ‘माझे आजोळ’ हा निबंध आला तेव्हा मी आईचं आजोळ उसनं घेतलं आणि होडी, मगर, पोर्तुगीज असा भरगच्च माल घालून दोन पानं भरली. बाईंनी दहापैकी चार गुण दिले आणि खाली लाल शाईत शेरा मारला : ‘अतिशयोक्ती टाळावी.’ आई तो शेरा घेऊन शाळेत गेली. बाईंशी काय बोलणं झालं कोण जाणे, पण चाराचे सहा झाले.

बेट म्हणजे गोव्यातलं दिवाडी. मांडवीच्या पात्रात, जुन्या गोव्याच्या अगदी समोर. आपल्या पर्यटकांना गोवा म्हणजे समुद्र एवढंच ठाऊक असतं. नदीत बेट असतं आणि त्यावर माणसं भातशेती करतात हे सांगितलं की ते ‘तिथं शॅक आहे का’ विचारतात. आजीचं माहेर तिथलं. लग्न होऊन ती पुण्यात आली, आणि मग पंचावन्न सालच्या सुमाराला गोव्याची हद्द बंद झाली ती 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त होईपर्यंत. मधली सहा-सात वर्षं आजीला माहेर नव्हतं. 1962 च्या मे महिन्यात ती पोरांना घेऊन गेली. तेव्हा आई बारा वर्षांची, मावशी सोळाची आणि मामा दोनाचा. पुढे तीन-चार मे महिने ही वारी झाली. मग तिकडचे आजोबा गेले, मामेमंडळी मुंबईला पांगली, घर कुणाला तरी दिलं गेलं आणि आजोळ संपलं. उरल्या त्या दोन साक्षीदार. आज आई पंचाहत्तर आणि मावशी एकोणऐंशी.

या दोघींना एकदा तिथे न्यायचं, असं मी गेली वीस वर्षं म्हणत होतो. म्हणत राहण्यात जे सुख होतं ते यंदाच्या मे महिन्यात बायकोने संपवलं. ‘न्यायचं असेल तर आत्ता ने, नाहीतर निदान म्हणणं तरी बंद कर,’ असं ती म्हणाली.

पहाटे साडेपाचला निघालो. मागच्या सीटवर डावीकडे आई, उजवीकडे मावशी, मध्ये सरहद्द म्हणून बायको. बायकोच्या मांडीवर चिवडा, आलेपाक, आवळासुपारी आणि उलटीसाठी रिकाम्या पिशव्या. पुढे माझ्या शेजारी आमचे चिरंजीव, हातात फोन, पदनाम वाटाड्या. कात्रजचा बोगदा संपायच्या आत आईने चिवड्याचा डबा उघडला आणि मावशीने पहिली हरकत नोंदवली.

‘आजोळी निघताना आई दशम्या करायची, चिवडा नाही.’

‘दशम्या परतताना, ताई. जाताना चिवडाच.’

इथपासून बेळगावपर्यंतचे साडेतीनशे-एक किलोमीटर मी दशम्या ऐकत गाडी चालवली. साताऱ्यात कंदी पेढे घेतले. कोल्हापूरला मिसळ खायला उतरलो. मावशीने ‘कमी तिखट’ सांगितली आणि वाढप्याने तिच्याकडे बघून नुसती मान हलवली, डॉक्टर नातेवाइकांकडे बघून हलवतात तशी. निपाणीच्या पुढे तवंदीचा घाट लागला तेव्हा मिसळीने आपलं म्हणणं मांडायला सुरुवात केली. बेळगावला कुंदा घेतला. कुंदा घेताना या दोघींचं चक्क एकमत झालं की पूर्वीचा कुंदा आता राहिला नाही. पूर्वीचं काही राहिलं नाही, या एका ठरावावर त्या नेहमीच एकत्र मतदान करतात.

बेळगावहून जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला घाट. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे जाते. तिथून फार लांब नाही अशा खानापूरच्या जंगलात म्हादई उगम पावते आणि पश्चिमेला गोव्याकडे जाते. हीच म्हादई पुढे मांडवी होते आणि दिवाडीला मिठी मारते. म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवावं की नाही यावर कर्नाटक आणि गोवा कित्येक वर्षं भांडताहेत, महाराष्ट्रही वाटेकरी आहे, लवाद नेमला, 2018 मध्ये लवादाने निवाडा दिला, तरी भांडण चालूच. मी हे सगळं चिरंजिवांना समजावून सांगत होतो. तो म्हणाला, ‘बाबा, लवादाचं राहू दे, आधी मागे बघ.’ मागे प्रश्न असा होता की आजोळची बेचाळीस पायऱ्यांची विहीर घराच्या डावीकडे होती की उजवीकडे.

‘डावीकडे,’ आई म्हणाली. ‘मी तिथेच पडले होते. हा बघ हनुवटीवर व्रण.’

‘तो व्रण सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या जिन्याचा आहे,’ मावशी म्हणाली. ‘मीच ढकललं होतं तुला.’

गाडीत दोन वळणं शांतता पसरली. चोर्ल्याच्या वळणांत मिळालेली ती दोन वळणं मी आजही जपून ठेवली आहेत. त्रेसष्ट वर्षांनी मिळालेला कबुलीजबाब आई पचवत होती. मग म्हणाली, ‘तरी विहीर डावीकडेच.’

घाट उतरला की केरी, अंजुण्याचं धरण, मग साखळी, मग डिचोली. हवा एकदम जड होते, माती तांबडी होते आणि मराठी पाट्यांवर ‘हांगा’ आणि ‘थंय’ दिसायला लागतं. आईने काच खाली केली. ए.सी. वाया चालल्याचं मी दोनदा सुचवलं. तिने हात बाहेर काढून काजूच्या झाडांकडे बोट दाखवलं आणि ‘वास आला का?’ असं सगळ्यांना रांगेने विचारलं. आम्हाला डिझेलचा आला होता. सगळे ‘हो’ म्हणालो.

खरं संकट पुढे होतं. ते फोनमधल्या बाईने आणलं. चिरंजिवांनी तिला ‘नार्वे’ म्हणून सांगितलं, तर तिने दोन नार्वे दाखवले. एक नदीच्या या तीरावर, डिचोली तालुक्यात. दुसरं पलीकडे, दिवाडी बेटावर.

‘कुठल्या नार्व्याला जायचं?’ त्याने विचारलं.

‘आजोळच्या,’ दोघी म्हणाल्या.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा, नाहीतर पुढचं भांडण कळायचं नाही. सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचं दैवत. ते आपल्या नाण्यांवरही त्याचं नाव घालत. त्याचं मूळ देऊळ दिवाडीवर, बेटावरच्या नार्व्यात. चौदाव्या शतकात बहमनींनी ते पाडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा उभारलं, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पुन्हा पाडलं. मग भाविकांनी लिंग नदीपलीकडे आणलं. देवाबरोबर गावाचं नावही पलीकडे आलं. शिवाजी महाराजांनी नोव्हेंबर 1668 मध्ये या तीरावर देऊळ बांधायची आज्ञा दिली. दरवाज्यावर तसा शिलालेख आहे. दिवाडीच्या गणपतीचंही तेच, तो खांडोळ्याला जाऊन बसला. एकूण दिवाडीच्या देवांना पत्ता बदलल्याची नोटीस कुणी देत बसलं नाही. भाविकांनी पत्ता लक्षात ठेवला. आमच्या घरच्यांनी ठेवला नाही.

आधी अलीकडच्या या देवळात दर्शन घेतलं. देऊळ देखणं आहे, घुमटवालं, समोर दीपस्तंभ, 2023 मध्ये जीर्णोद्धार झालेला, त्यामुळे अगदी टापटीप. आईने नमस्कार केला आणि बाहेर पायरीवर बसून निर्णय सांगितला. ‘आजोळ पलीकडे. आम्ही होडीत बसून या देवळात यायचो. म्हणजे घर बेटावर.’

मावशी काठी टेकून उभी होती. ‘होडीत बसायचो, पण फेस्ताला जायचो. चर्चच्या. म्हणजे घर अलीकडे, चर्च पलीकडे.’

आता बघा. होडीबद्दल दोघींचं एकमत. वल्हवणारा म्हातारा एका डोळ्याने अधू होता याबद्दल एकमत. होडीत पाणी यायचं आणि ते करवंटीने उपसायला लागायचं, याबद्दल एकमत. फक्त होडी कुठून कुठे जायची एवढाच प्रश्न. आणि तेवढ्या एका प्रश्नावर आमच्या घराण्याचं बेट उभं होतं. मावशी म्हणते ते खरं असेल तर इतकी वर्षं ज्या बेटाच्या जोरावर आई नणंदांसमोर मान वर करून वावरली, ते बेट म्हणजे समोर दिसणारा देखावा. माझे सहा गुणही बाद.

‘मग तू इतकी वर्षं बोलली का नाहीस?’ मी मावशीला विचारलं.

‘तिला आवडायचं म्हणून,’ मावशी म्हणाली. ‘आणि मला कुणी विचारलं नाही.’

देवळात एक काका प्रसादाची पानं पुसत बसले होते. त्यांना आईच्या आजोबांचं आडनाव सांगितलं. ते म्हणाले, त्या आडनावाचे लोक इकडेही होते आणि तिकडेही होते. असे निवाडे फक्त देवळांतच मिळतात.

धक्का जवळच आहे. फेरीबोट म्हणजे पत्र्याचं तरंगतं अंगण. एका टोकाला लोखंडी फळी खाली पडते आणि त्यावरून गाड्या आत चढतात. चालत जाणाऱ्यांना तिकीट नाही, ही गोष्ट मावशीला इतकी आवडली की ती गाडीतून उतरून चालत चढली. बोटीवरचा माणूस हातवारे करत ‘फाटीं घे, फाटीं’ ओरडत होता. मी पुढे घेतली. त्याने डोळे मिटले. शेवटी एका मासळीवाल्या बाईने पाटी डोक्यावर ठेवूनच मला गाडी लावून दिली, इंचाइंचाने, आणि वर सल्लाही दिला की पुणेकरांनी घाबरू नये, बोट बुडत नाही. नंबरप्लेट वाचता न येणारं माणूस गोव्यात नाही.

पार व्हायला पाच-सात मिनिटं लागतात. तेवढ्यात आई कठड्याला टेकून उभी राहिली आणि एकेक ओळखून सांगू लागली. ती खारफुटी. तो खाजणाचा बांध. त्या बांधाला जी दारं असतात ती मानस. भरतीला मिटतात, ओहोटीला उघडतात, खारं पाणी भातात शिरू देत नाहीत. खाऱ्या जमिनीत होणारा तांदूळ तो कोरगूट, त्याची पेज गुलाबी होते. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी. पलीकडचं जुवा बेट वेगळं, ते भेंड्यांचं. हे सगळं बरोबर होतं. मी मागाहून पडताळून पाहिलं. बारा वर्षांच्या पोरीने तीन-चार मे महिन्यांत गोळा केलेलं हे सगळं तिने पुण्याच्या दोन खोल्यांत साठ वर्षं जसंच्या तसं ठेवलं होतं. मग ती म्हणाली, ‘आणि बोंदेरां! केवढे झेंडे, केवढी मिरवणूक!’

‘बोंदेरां ऑगस्टात असतं,’ मावशी मागून म्हणाली. ‘आपण मे महिन्यात यायचो.’

आई नदीकडे बघत राहिली. ‘ऐकून ऐकून पाहिल्यासारखं झालं असेल,’ ती म्हणाली. मी तिला इतक्या चटकन हार मानताना आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते अजिबात बरं वाटलं नाही.

(बोंदेरांचीही एक गंमत आहे. पोर्तुगीज भाषेत बंदेरा म्हणजे झेंडा. वाड्यावाड्यांत हद्दीवरून भांडणं होत म्हणून सरकारने हद्दीवर झेंडे रोवले. लोकांनी दगड मारून ते पाडले. आता त्याचाच उत्सव होतो आणि पोरं बांबूच्या फोताशीतून फळं मारतात. हद्दीचं भांडण दरवर्षी वाजतगाजत करायची ही पद्धत आमच्या घरात वाजंत्र्याशिवाय चालू आहे.)

बेटावर उतरलो आणि शोध सुरू झाला. आईच्या खुणा : दारात फणस, बाजूला विहीर, पडवीतून टेकडीवरचं चर्च दिसतं. दिवाडीवर ही खुणांची यादी घेऊन निघणं म्हणजे पुण्यात ‘दुपारी बंद असणारं दुकान’ शोधण्यासारखं आहे. प्रत्येक दारात फणस. प्रत्येक घराला विहीर. आणि पिएदादचं चर्च टेकडीवर असल्यामुळे ते बेटावर कुठूनही दिसतं, त्याच कामासाठी तर ते तिथे बांधलंय. चार घरांपुढे आम्ही गाडी थांबवली, चार कुत्री भुंकली, चार वेळा आई म्हणाली, ‘हे नाही, पण असंच.’

पाचव्या घरापुढे ती काही न बोलता उतरली. निळं रंगवलेलं घर, पुढे बलकांव, बलकांवाच्या दगडी बाकावर एक म्हातारी कैऱ्या चिरत बसलेली, गळ्यात क्रूस, अंगात फुलाफुलांचा झगा. आई फाटक उघडून सरळ आत गेली आणि डावीकडे वळली. डावीकडे विहीर होती. जांभ्या दगडाची, काठावर शेवाळ, रहाटाला नायलॉनची निळी दोरी. आईने काठावर हात ठेवला आणि रडायला लागली.

कैऱ्या चिरणाऱ्या म्हातारीने विळती बाजूला ठेवली. ‘कोणाक सोदतात?’

आईने साठ वर्षं न वापरलेली कोंकणी काढली. ती बरीच मराठी निघाली, पण म्हातारीला पोचली. तिने ऐकून घेतलं, आईला हाताला धरून बाकावर बसवलं, आतून पाणी आणि गूळ आणवला. मग शांतपणे म्हणाली, ‘हें घर आमी अठ्ठ्याहत्तरांत बांदलें. म्हजो घोव तारवटी आसलो.’ नवरा बोटीवर होता, त्या कमाईतून घर उभं राहिलं.

कुणीच काही बोललं नाही. मावशीही नाही, आणि ही तिची आयुष्यातली सर्वांत सोपी संधी होती. म्हातारीला बहुधा आमची तोंडं बघवली नाहीत. ती विहिरीकडे बोट करून म्हणाली, ‘बांय पोरनी.’

‘कुठली बाई?’ चिरंजिवांनी विचारलं.

‘बांय म्हणजे विहीर रे,’ आई म्हणाली. तिचा आवाज एकदम पूर्वीसारखा झाला. ‘विहीर जुनी आहे. घर नवीन. त्यांनी घर पाडून नवीन बांधलं, विहीर तीच ठेवली.’

म्हातारी असं काहीही म्हणाली नव्हती. तिने फक्त दोन शब्द उच्चारले होते. पण दोन शब्दांत बसेल तेवढं आजोळ आईने त्यात बसवलं. मी विहिरीत डोकावून पायऱ्या मोजल्या. एकही नव्हती. मी हे कुणाला सांगितलं नाही. आता छापून येतंय, पण आई चष्म्याशिवाय वाचत नाही आणि चष्मा माझ्याकडे दुरुस्तीला आहे.

म्हातारीने निघताना मानकुराद आंब्यांची पिशवी दिली. पैसे घेईना. मावशीने तिला कुंद्याचा डबा दिला. वर, पूर्वीचा राहिला नाही, हेही सांगितलं.

चर्चच्या टेकडीवर गेलो. तिथून नदीपलीकडे जुन्या गोव्याची चर्चं दिसतात. बायकोने फोटो काढले, चिरंजिवांना रेंज मिळाली. मग मूळ देवळाच्या जागी कोटितीर्थाचे अवशेष पाहायला बेटावरच्या नार्व्यात. तळीच्या कडेला मावशी बराच वेळ एकटीच उभी होती. मी जवळ गेलो तर म्हणाली, ‘इथे आलेली आठवत नाही मला.’ आणि मग, माझा दंड धरून, हळूच, ‘पण होडीतून उतरून खूप चालायला लागायचं हे आठवतंय. फेस्ताला एवढं कशाला चालू आम्ही?’

म्हणजे ती स्वतःच्याच बाजूने फितूर होत होती. मी म्हटलं, ‘आईला सांगू?’

‘काही गरज नाही,’ मावशी म्हणाली. ‘तिची विहीर सापडली ना. पुरे.’

परतीच्या फेरीवर मी गाडी पहिल्या फटक्यात लावली. बोटीवरच्या माणसाने मला ओळखलं आणि सलाम ठोकला. अलीकडच्या तीरावर उतरल्यावर दोनशे पावलांवर मावशीने गाडी थांबवायला लावली. रस्त्याकडेला एक पडकं घर, कौलं खाली आलेली, दारात फणस, उजवीकडे विहीर. दाराला कुलूप, कुलपाला गंज. मावशी काच खाली करून दोन मिनिटं पाहत राहिली. आईनेही पाहिलं.

‘चल,’ मावशी म्हणाली. मी गिअर टाकला.

डिचोली ओलांडल्यावर इंदूरहून मामाचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. आजोळ पाहिलं का, कसं आहे, घर उभं आहे का, असं त्याने उत्साहाने विचारलं. आई म्हणाली, ‘विहीर जशीच्या तशी आहे.’ मावशी म्हणाली, ‘फणसही आहे.’

‘वा! पण मी काय म्हणतो,’ मामा म्हणाला, ‘आपलं आजोळ तर डिचोलीच्या बाजारात होतं ना? खाली दुकान, वर घर?’

‘तू गप्प बस,’ मागच्या सीटवरून दोघी एका सुरात ओरडल्या. ‘तू तेव्हा दोन वर्षांचा होतास.’

मग मावशीने आंब्यांची पिशवी मांडीवर घेतली आणि हे आपण त्यावेळी कापून खायचो की चोखून, यावर बोलणं सुरू झालं. चोर्ला घाट अजून लागायचा होता.